शालेय ग्रंथपालाचे प्रशिक्षण : बडोद्यापासून आजपर्यंतचा मागोवा

शाळेची इमारत उभी राहते तेव्हा तिच्या कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव कोरले जाते. वर्गखोल्यांच्या दारांवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या लागतात. ग्रंथालयातील लोखंडी कपाटांवरही कोणाच्या तरी पुण्यस्मरणार्थ अशी अक्षरे रंगविलेली असतात. दात्याच्या औदार्याची अशी नोंद राहणे उचितच होय. मात्र त्या कपाटांची किल्ली ज्याच्या हाती असते, त्या ग्रंथपालाने कोणते शिक्षण घेतले, ते त्याला कोणी दिले आणि नेमणूक झाल्यावर त्याने पुढे काही शिकावे म्हणून कोणी काय केले, याचा उल्लेख शिक्षणसंस्थांच्या इतिहासात क्वचितच आढळतो. ग्रंथ, जागा आणि जाणता माणूस या तिघांच्या मेळाने ग्रंथालय बनते. पहिल्या दोन गोष्टी द्रव्यदानाने मिळू शकतात. तिसरी मात्र शिक्षणाने घडवावी लागते आणि ती सतत घडवीत राहावी लागते. या तिसऱ्या गोष्टीचा भारतातील इतिहास शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. त्याचा आरंभ एका मराठी राजाच्या दूरदृष्टीतून झाला, ही महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी बाब आहे.

कवळाण्याचा मुलगा आणि बडोद्याचे ग्रंथालय

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या लहानशा गावात १८६३ मध्ये जन्मलेला एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोदे संस्थानच्या गादीवर बसला. हेच महाराज सयाजीराव गायकवाड होत. स्वतः बाराव्या वर्षानंतर अक्षरओळख करून घेतलेल्या या राजाला शिक्षणाचे मोल नेमके ठाऊक होते. १८९३ मध्ये अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानात लागू केला. परंतु त्याबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला. चार वर्षे शाळेत जाऊन वाचायला शिकलेल्या मुलाच्या हाती पुढे वाचण्यासाठी काहीच नसेल, तर शिकलेली अक्षरे तो काही वर्षांत विसरणार. मग शाळेवर केलेला खर्च पाण्यात जाणार. शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय हवे, हा विचार या व्यावहारिक अनुभवातून आला.

अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. तेथे त्यांना केवळ इमारती आणि पुस्तके दिसली नाहीत, तर ग्रंथालय चालविण्याचे शास्त्र शिकलेली माणसे दिसली. ही माणसे घडविण्याची शाळा अमेरिकेत तेव्हा नुकतीच रुजली होती. मेल्विल ड्युई यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात जानेवारी १८८७ मध्ये ग्रंथपालांसाठी जगातील पहिली शाळा सुरू केली. पहिल्या वर्गातील वीस विद्यार्थ्यांपैकी सतरा स्त्रिया होत्या. स्त्रियांना प्रवेश दिल्याबद्दल कॉलेजच्या चालकांचा रोष ओढवला, तरी ड्युई मागे हटले नाहीत आणि १८८९ मध्ये ती शाळा ऑल्बनी येथे हलली. पुढे १९०० मध्ये ब्रुकलिनच्या इरॅस्मस हॉल या माध्यमिक शाळेत मेरी किंग्सबरी या प्रशिक्षित बाईंची ग्रंथपाल म्हणून नेमणूक झाली. ग्रंथालयशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेली व्यक्ती शाळेच्या ग्रंथालयात नेमली जाण्याचे ते आद्य उदाहरण मानले जाते.

ड्युई यांच्या त्या शाळेत अध्यापन केलेले विल्यम अॅलन्सन बोर्डेन हे न्यू हेवन येथे ग्रंथपाल होते. महाराजांनी १९१० मध्ये त्यांना बडोद्यास बोलावून संस्थानच्या ग्रंथालय खात्याची सूत्रे त्यांच्याकडे सोपविली आणि राजवाड्यातील स्वतःचा ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयासाठी दिला. बोर्डेन यांनी येथे आल्यावर लगेच कपाटे मागविण्याची घाई केली नाही. त्यांनी १९११ मध्ये ग्रंथालयशास्त्राचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला. भारतातील ग्रंथालय प्रशिक्षणाचा तो आरंभ होय. परदेशी तज्ज्ञ दोन-चार वर्षांत परत जाणार, हे महाराज आणि बोर्डेन दोघेही जाणून होते. त्यामुळे येथील माणसे तयार करणे हेच खरे काम आहे, अशी त्यांची दृष्टी होती. १९१३ मध्ये बोर्डेन मायदेशी परतले तेव्हा काम थांबले नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर, पुढे न्यूटन मोहन दत्त आणि खेडोपाडी वाचनालये पसरविणारे मोतीभाई अमीन यांनी ते पुढे नेले. १९१२ पासून बडोद्याहून ग्रंथालयविषयक एक नियतकालिक निघू लागले. त्याचे लेखन इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होत असे. वर्गात शिकून गेलेल्या आणि दूर गावी एकट्याने काम करणाऱ्या माणसाला नव्या गोष्टी कळाव्यात, त्याचे शिक्षण नेमणुकीपाशी थांबू नये, हा त्यामागील हेतू होता. आज ज्याला सेवांतर्गत प्रशिक्षण म्हटले जाते, त्याचे बीज या नियतकालिकात दिसते.

बडोद्याच्या योजनेतील आणखी एक गोष्ट शाळांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. गावाने वाचनालयासाठी जेवढी वर्गणी गोळा करावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यावी, असा नियम होता. गावोगावी अशी वाचनालये निघाली आणि त्यांतील अनेक वाचनालये गावच्या शाळेतच भरत. तेथे ग्रंथपालाचे काम बहुधा शाळामास्तरच पाहत. पुस्तकांच्या पेट्या एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत असत. आपल्याकडील शालेय ग्रंथपाल हा मूळचा असा शिक्षक आहे. ग्रंथपाल आणि शिक्षक ही दोन कामे एकाच माणसात एकवटली होती, ही गोष्ट पुढील इतिहास समजून घेताना ध्यानी ठेवावी लागते. कारण पुढे ही दोन कामे वेगळी झाली आणि दुर्दैवाने त्यांचा मानही वेगवेगळा झाला.

पाटणच्या भांडारातील एक प्रशिक्षित माणूस

ग्रंथरक्षणाची शिस्त ही जैन समाजाला नवी गोष्ट नाही. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी आणि दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी पाळली जाते. त्या दिवशी शास्त्रांचे पूजन होते, पोथ्यांची निगा राखली जाते, जुनी वेष्टने बदलली जातात. लाकडी पट्ट्यांमध्ये बांधलेली ताडपत्रे शतकानुशतके टिकली ती या श्रद्धेमुळे आणि सांभाळणाऱ्यांच्या दक्षतेमुळे. तथापि रक्षण आणि वापर यांच्यामध्ये आणखी एक पायरी असते. ग्रंथात काय आहे आणि तो कोठे आहे, हे दूरच्या अभ्यासकाला कळले पाहिजे. त्यासाठी सूची लागते आणि सूची करणारा जाणकार लागतो.

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील संस्कृत विभागाचे चिमणलाल डाह्याभाई दलाल हे असे जाणकार होते. ब्यूलर, पीटरसन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांसारख्या विद्वानांनी पाटणची भांडारे पूर्वी पाहिली होती. महाराजांनी १९१४ मध्ये दलालांना तेथील पोथ्या सविस्तर तपासण्यासाठी पाठविले. पुढे त्यांनी जैसलमेरच्या भांडारातही काम केले. १९१८ मध्ये अल्पवयातच त्यांचे निधन झाले. पंडित लालचंद्र भगवानदास गांधी यांनी त्यांचे अपुरे काम पूर्ण केले आणि जैसलमेरची सूची १९२३ मध्ये, तर पाटणच्या सूचीचा पहिला भाग १९३७ मध्ये बडोद्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. धनपालकृत अपभ्रंश काव्य भविसयत्तकहा याचे दलालांनी आरंभिलेले संपादन पुण्याचे डॉ. पांडुरंग दामोदर गुणे यांनी पुढे नेले आणि तेही १९२३ मध्ये त्याच मालेत आले. पोथ्या तेथे शतकांपासून होत्या. त्यांची सूची करणारा माणूस तेथे पोहोचल्यावर त्या जगाला उपलब्ध झाल्या. शाळेतील हजार-दोन हजार पुस्तकांची गोष्ट याहून लहान असली, तरी न्याय तोच आहे.

लाहोर आणि मद्रास

बडोद्यानंतर दुसरा टप्पा लाहोरचा. पंजाब विद्यापीठाने १९१५ मध्ये आसा डॉन डिकिन्सन या अमेरिकन ग्रंथपालांकडून तेथे वर्ग सुरू करविला. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले प्राथमिक पुस्तक १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यापीठाने ग्रंथालयशास्त्र शिकविण्यास तेथून आरंभ झाला.

तिसरा आणि सर्वांत फलदायी टप्पा मद्रासचा होता. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. वर्गातील विद्यार्थ्यांची सवय असलेल्या या शिक्षकाला ग्रंथालयातील एकांत इतका असह्य झाला की, त्यांनी थोड्याच दिवसांत आपल्याला पुन्हा अध्यापनाकडे घ्यावे अशी विनंती कॉलेजच्या प्राचार्यांना केली. आधी लंडनला जाऊन प्रशिक्षण घ्या, परत आल्यावरही मन लागले नाही तर पुन्हा या, असे आश्वासन त्यांना मिळाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डब्ल्यू. सी. बरविक सेयर्स हे त्यांचे गुरू होते. सेयर्स क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख असून बालग्रंथालयांचेही जाणकार होते. इंग्लंडमधील अनेक ग्रंथालये पाहून रंगनाथन परतले ते निराळे होऊनच. अध्यापनाकडे परत जाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. ग्रंथालय हेच त्यांचे अध्यापन झाले. एका वर्षाच्या आत एका माणसात झालेला हा पालट प्रशिक्षणाचे सामर्थ्य दाखविणारा आहे. ग्रंथालय नकोसे झालेला माणूस तोच, पद तेच. मध्ये केवळ शिक्षण आले.

१९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि १९२९ मध्ये रंगनाथन यांनी संघाच्या वतीने उन्हाळी सुटीत ग्रंथालयशास्त्राचा वर्ग चालविला. १९३१ मध्ये तो मद्रास विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. त्याच वर्षी ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुस्तके वापरली जावीत, वाचकाला त्याचे पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाया जाऊ नये आणि ग्रंथालय सदैव वाढते राहावे, हा त्याचा आशय. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांनी मुक्तद्वार पद्धत आणली आणि वाचकाला कपाटापर्यंत जाऊ दिले. १९४२ मध्ये त्यांनी शाळा व महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शालेय ग्रंथपालाच्या कामाला शास्त्राचा दर्जा देणारे भारतातील आरंभीचे लेखन म्हणून त्याचा उल्लेख करावा लागेल. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिन भारतात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

मुंबई इलाखा आणि मुदलियार आयोग

मुंबई इलाख्यात सार्वजनिक ग्रंथालयांच्या वाढीचा विचार करण्यासाठी सरकारने १९३९ मध्ये अ. अ. अ. फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९४० मध्ये आला. मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील वाचनालयापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची रचना तिने सुचविली. स्वातंत्र्यानंतर तिच्या शिफारशींची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने झाली. १९४०च्या दशकात मुंबई विद्यापीठाने ग्रंथालयशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे नागपूर व पुणे विद्यापीठांतही या विषयाचे शिक्षण मिळू लागले. या अभ्यासक्रमांतून बाहेर पडणारे पदवीधर महाविद्यालये, विद्यापीठे, सरकारी खाती आणि उद्योगांकडे गेले. कमी पगाराच्या शाळेकडे त्यांतील थोडेच वळले, हे साहजिक होते.

स्वतंत्र भारतात माध्यमिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी १९५२ मध्ये डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. १९५३ च्या अहवालात त्याने शालेय ग्रंथालयांचे केलेले वर्णन आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करते. बहुसंख्य शाळांत ग्रंथालय म्हणावे असे काही नाही, पुस्तके जुनी आणि मुलांच्या आवडीशी संबंध नसलेली आहेत, ती अनाकर्षक खोलीत कुलूपबंद कपाटांत आहेत आणि त्यांचा कारभार एखादा कारकून किंवा ज्याला ना ग्रंथांची ओढ ना ग्रंथालयाच्या तंत्राची माहिती असा शिक्षक सवडीने पाहतो, असा त्या वर्णनाचा मथितार्थ होता. आयोगाने केवळ दोष दाखविला नाही. शाळेला प्रशिक्षित ग्रंथपाल हवा आणि त्याचा दर्जा व वेतन वरिष्ठ शिक्षकाच्या तोडीचे असावे, असे त्याने सुचविले. त्याचबरोबर शिक्षकांनाही ग्रंथालयाची मूलतत्त्वे अध्यापक महाविद्यालयांत आणि उजळणी वर्गांत शिकवावीत, अशी शिफारस केली. बडोद्याच्या गावशाळेत एकत्र असलेली दोन कामे पुन्हा जवळ आणण्याचाच हा प्रयत्न होता.

या शिफारशीचा पूर्वार्ध काही प्रमाणात अमलात आला. उत्तरार्ध मात्र बहुतांशी कागदावरच राहिला.

महाराष्ट्रातील व्यवस्था

महाराष्ट्र राज्याने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम केला आणि ग्रंथालय संचालनालयाची यंत्रणा उभी राहिली. गावोगावच्या वाचनालयांना प्रशिक्षित माणसे मिळावीत म्हणून जिल्हा ग्रंथालय संघांच्या सहकार्याने प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालू झाले. काही महिन्यांच्या या वर्गांत दाखल नोंदवही कशी ठेवावी, वर्गीकरण व तालिकीकरण कसे करावे, देवघेव कशी चालवावी, साठ्याची पडताळणी कशी करावी, हे शिकविले जाई. सार्वजनिक वाचनालयांसाठी आखलेल्या या अभ्यासक्रमाने शाळांनाही मोठा हात दिला. तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक शालेय ग्रंथपालांनी आपले पहिले आणि पुष्कळदा एकमेव ग्रंथालय शिक्षण येथेच घेतले. पुढे १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि नोकरी सांभाळून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेण्याची वाट खुली झाली.

दुसरीकडे, खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आली. तिने सेवेला संरक्षण दिले, ही तिची मोठी देणगी होय. परंतु ग्रंथपालाची गणना शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत झाली आणि पद विद्यार्थिसंख्येवर ठरू लागले. मोठ्या शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल, मध्यम शाळेला अर्धवेळ आणि लहान शाळेला कोणीच नाही, अशी वाटणी झाली. अर्धवेळ ग्रंथपालांचा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षे रेंगाळत राहिला. मुदलियार आयोगाने ज्याला वरिष्ठ शिक्षकाशेजारी बसविले होते, तो प्रत्यक्षात कार्यालयाच्या बाजूला जाऊन बसला.

या वर्गवारीचा परिणाम प्रशिक्षणावर झाला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. त्या शिक्षकांसाठी होत्या. शिक्षकांना वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवडश्रेणी मिळण्यासाठी प्रशिक्षणाची अट घातली गेली. महाविद्यालयीन ग्रंथपालांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९८७ नंतर निघालेल्या अकॅडमिक स्टाफ कॉलेजांत उजळणी वर्ग होऊ लागले. शाळेचा ग्रंथपाल या दोन्ही व्यवस्थांच्या मधल्या जागेत राहिला. तो शिक्षक नव्हता आणि महाविद्यालयातीलही नव्हता. विशीत घेतलेल्या प्रमाणपत्राच्या बळावर त्याने निवृत्तीपर्यंत काम करावे, असेच जणू गृहीत धरले गेले. ज्यांनी त्यापलीकडे काही शिकले, ते बहुतेक स्वतःच्या खर्चाने आणि सुटीच्या दिवसांत शिकले.

प्रशिक्षणाने नेमके काय बदलते

प्रशिक्षण म्हणजे रजिस्टरे भरण्याची हातोटी, असा एक समज रूढ आहे. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. एक साधे उदाहरण पाहावे. एखाद्या शाळेत भगवान महावीरांचे चरित्र, जैन तत्त्वज्ञानाचा परिचय आणि तीर्थक्षेत्रांचे वर्णन अशी पुस्तके देणगीतून वेगवेगळ्या वर्षी आली. अप्रशिक्षित माणूस ती आली त्या क्रमाने लावतो. ती तीन कपाटांत विखुरतात आणि प्रकल्प लिहिणाऱ्या मुलाच्या हाती त्यांतील एखादेच लागते. ड्युई यांच्या दशांश वर्गीकरणात जैन धर्माला २९४.४ हा अंक आहे, मराठी साहित्याला ८९१.४६ आणि हवामानाला ५५१.५. जाणता ग्रंथपाल अंक घालून धर्मविषयक पुस्तके एका जागी आणतो आणि चरित्र किंवा प्रवासवर्णन अन्यत्र ठेवावे लागले, तरी तालिकेत त्याची वाट दाखवून ठेवतो. मुलाचा वेळ वाचतो आणि दात्याचे पुस्तक कारणी लागते.

याहून महत्त्वाचा फरक वृत्तीत पडतो. शाळेचे पुस्तक हरवले तर जाब ग्रंथपालाला द्यावा लागतो. ज्याला साठा पडताळणीचे आणि जीर्ण पुस्तके बाद करण्याचे नियम ठाऊक नाहीत, तो भीतीपोटी एकच उपाय करतो. तो कपाटाला कुलूप घालतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही अनास्था वाटते. वस्तुतः ती बहुधा अज्ञानातून आलेली भीती असते. वापरात पुस्तके झिजणार, काही थोडी हरवणार, त्यांची नोंद कशी घ्यावी आणि ती व्यवस्थापनासमोर कशी मांडावी, हे ज्याला शिकविले गेले, तो निर्भयपणे कुलूप काढू शकतो. मुदलियार आयोगाला दिसलेली कुलूपबंद कपाटे नव्या कपाटांनी उघडली नसती. ती नियम जाणणाऱ्या माणसानेच उघडली असती.

तिसरी गोष्ट मुलांना वाचनाकडे वळविण्याची. पाचवीच्या मुलासमोर गोष्ट कशी वाचावी, वाचनात मागे पडलेल्या मुलाला न दुखविता सोपे पुस्तक कसे द्यावे, ग्रंथालयाच्या तासात चाळीस मुलांना कसे गुंतवावे, हे जुन्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाच्या कक्षेत येत नव्हते, कारण तो मुळात प्रौढ वाचकांच्या वाचनालयासाठी होता. शालेय ग्रंथपालाला ग्रंथालयशास्त्राइतकेच बालकांचे मन कळावे लागते. बडोद्याच्या शाळामास्तराला ते सहज कळत होते, कारण मुले त्याचीच होती.

नव्या काळाची हाक

युनेस्को आणि ग्रंथालय संघांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९९ मध्ये शालेय ग्रंथालयांचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. शाळेचा ग्रंथपाल हा व्यावसायिक पात्रता असलेला कर्मचारी असून त्याने शिक्षकांच्या जोडीने काम करावे, ही भूमिका त्यात स्पष्ट केली आहे. त्यावर आधारित मार्गदर्शक तत्त्वे २००२ मध्ये आणि सुधारून २०१५ मध्ये निघाली. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाने प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, असे बंधन घातले. मात्र शिक्षकांचे प्रमाण ठरविणाऱ्या त्याच परिशिष्टात ग्रंथपालाचे पद नाही. २०१८ मध्ये आलेल्या समग्र शिक्षा योजनेने सरकारी शाळांना पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत वार्षिक ग्रंथालय अनुदानाची तरतूद केली. पुस्तके येतील. ती मुलांपर्यंत कोण पोहोचवील, हा जुनाच प्रश्न नव्या रूपात शिल्लक आहे.

संगणकाने या प्रश्नात भर घातली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली आणि न्यूझीलंडमध्ये जन्मलेली, विनामूल्य मिळणारी कोहा ही प्रणाली अनेक ग्रंथालयांत रुजली. कार्डांच्या तालिकेवर हात बसलेल्या ग्रंथपालाला हे सारे नव्याने शिकावे लागले. शिवाय मुले माहिती शोधण्यासाठी महाजालाकडे वळली. तेथील कोणती माहिती विश्वसनीय आणि कोणती नाही, हे त्यांना शिकविण्याचे काम स्वाभाविकपणे ग्रंथपालाकडे येते. ते करण्यासाठी त्याला स्वतःला ते आधी अवगत हवे.

या उणिवेवर उपाय शोधण्याचे काही स्वागतार्ह प्रयत्न अलीकडच्या काळात झाले. टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमाने शाळेतील ग्रंथालय सांभाळणाऱ्यांसाठी काही महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात नोकरी न सोडता शिकण्याची सोय आहे आणि बालसाहित्याचा अभ्यास केंद्रस्थानी आहे. गोव्यात २००५ मध्ये सुरू झालेल्या बुकवर्म या संस्थेने मुलांच्या ग्रंथालयाचे काम करीत असतानाच ग्रंथालय चालविणाऱ्यांच्या शिक्षणाकडेही लक्ष दिले. हे प्रयत्न विखुरलेले आहेत. तरी प्रमाणपत्र मिळाले म्हणजे शिक्षण संपले, या जुन्या समजुतीला त्यांनी छेद दिला आहे.

दानाची एक निराळी वाट

शंभर वर्षांहून अधिक काळाच्या या वाटचालीतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ज्या ज्या ठिकाणी ग्रंथपालाच्या शिक्षणावर आधी खर्च झाला, तेथे ग्रंथालये टिकली आणि वाढली. जेथे केवळ पुस्तके आणि कपाटे आली, तेथे ती कुलूपबंद राहिली. सयाजीराव महाराजांनी पेट्या भरण्याबरोबरच वर्ग भरविला. रंगनाथन यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. अत्यंत साधेपणाने राहून आयुष्यभर साठविलेले एक लाख रुपये त्यांनी १९५०च्या दशकात मद्रास विद्यापीठाला दिले. त्यातून पत्नी शारदा यांच्या नावे ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापन झाले. ज्याने आयुष्य ग्रंथांत घालविले, त्याने आपली पुंजी ग्रंथ घेण्यासाठी दिली नाही. ग्रंथपाल घडविण्यासाठी दिली.

आपल्या परंपरेत आहार, औषध, अभय आणि शास्त्र अशी चार दाने सांगितली आहेत. शास्त्रदान म्हणजे केवळ पोथी हाती देणे नव्हे. ती पोथी योग्य हाती पोहोचविण्याची व्यवस्था करणे हेही त्यातच येते. समाजाच्या ज्या संस्था शाळा चालवितात किंवा शाळांच्या ग्रंथालयांना साहाय्य करतात, त्यांनी नव्या कपाटाच्या जोडीला ग्रंथपालाच्या अभ्यासक्रमाचे शुल्क, त्याच्या प्रवासाचा खर्च आणि शिकण्यासाठी भरपगारी रजा एवढ्या तीन गोष्टींची तरतूद केली, तर तिला फार मोठा निधी लागणार नाही. त्या दानाची संगमरवरी पाटी कोठे लागणार नाही हे खरे. परंतु दुपारच्या सुटीत उघड्या कपाटासमोर उभी राहून आपले पुस्तक स्वतः निवडणारी मुले हीच त्या दानाची खूण ठरेल.